चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही

गेल्या जुलैतला एक रविवार. बाहेर धो धो पाऊस, लोकल नेहमीप्रमाणे वीस मिनिटं उशिरा, आणि नेमबाजीच्या रेंजवर जेमतेम सहा माणसं. चौथ्या लेनवर दहावीतला एक मुलगा पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या, पिस्तुलावर सराव करत होता. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथ्या वेळी नुसतं ‘टक्’ झालं. त्याने पिस्तुलाकडे पाहिलं, पुन्हा चाप ओढला, काहीच नाही. मग न उमटणारं पेन बाईंना दाखवायला वळावं तसा तो पिस्तुलासकट मागे वळला आणि म्हणाला, “सर, हे बघा ना, उडतच नाहीये.”

वळता वळता नळी आधी पाचव्या लेनवरच्या काकूंवरून आणि मग माझ्या पोटावरून गेली. मी ओरडलो नाही. ओरडलं की मुलं दचकतात आणि दचकलेल्या माणसाची बोटं आवळली जातात. पुढे होऊन त्याचं मनगट धरलं, नळी टार्गेटकडे फिरवली आणि चापावर राहिलेलं त्याचं बोट हळूच बाहेर काढलं. मग अर्धं मिनिट आम्ही दोघं, अंतरपाट धरून मंगलाष्टकं संपायची वाट बघावी तसे, निमूट उभे राहिलो.

ते अर्धं मिनिट कशासाठी, हे समजावून सांगायचं आहे. मी एनसीसीतून नेमबाजीत आलो. सांगण्यासारखी पदकं नाहीत, पण बरीच वर्षं रविवारी रेंजवर शिस्त सांभाळायला उभा राहतो. एवढ्या काळात बंदूक बिघडल्यामुळे कुणाला इजा झालेली मी पाहिलेली नाही. बंदूक बिघडल्यावर पुढच्या पाच सेकंदांत माणसाच्या हाताने जे केलं, त्यातून लागता लागता राहिलेलं मात्र पुष्कळदा पाहिलंय.

आणि हल्ली नवी मुलं बरीच येतात. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, त्यानंतर तर आईबाबा मुलाला घेऊन थेट चौकशीला येतात. मुंबईला हा खेळ नवा नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकात रायफल शिकवतात, आणि अंजली भागवत कीर्ती कॉलेजात एनसीसीत असतानाच पहिल्यांदा रायफल धरायला शिकल्या. पण नव्या पालकाचा पहिला प्रश्न “रायफल केवढ्याला पडते” हा असतो. “बिघडली तर काय करायचं” हे कुणी विचारत नाही.

पुंगळीच्या आत

पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ हे दोन शब्द येतात, ते अगदी नेमके आहेत. काडतूस म्हणजे पितळेची एक छोटी पुंगळी. तिच्या तळाशी ठोका बसताच पेटणारं मिश्रण, म्हणजे प्राइमर. मधे दारू. तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची गोळी. रेंजवर या सगळ्याला मिळून ‘राउंड’ म्हणतात.

चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते, फायरिंग पिन पुंगळीच्या तळावर आदळते, प्राइमर ठिणगी देतो, दारू भसकन जळते आणि तिच्या गॅसने गोळी नळीतून बाहेर ढकलली जाते. मग एक बारीक आकडा रिकामी पुंगळी मागे ओढतो, ती बाजूला उडते आणि मॅगझिनमधला, म्हणजे राउंड भरून ठेवायच्या डबीतला, पुढचा राउंड तिची जागा घेतो. पिस्तुलात हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा सरकवायच्या, रायफलीत शेवटची दोन कामं आपण हाताने करतो. बंदुकीचा कुठलाही बिघाड म्हणजे या साखळीतली एखादी कडी सुटलेली असते. कुठली सुटली, हे बाहेरून दिसत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

आता दाबाचं बघा. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जादा दाब असतो. करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठ्या नसलेल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळीत तो क्षणभर १,६०० बारच्या घरात जाऊ शकतो. पितळेचा पत्रा तर नखाने दाबला तरी चेपेल असा. मग तो फाटत कसा नाही? कारण त्या वेळी तो चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या पोलादी घरात, चहूबाजूंनी आवळलेला असतो. दाबाने पितळ फुगतं, भिंतीला चिकटतं आणि गॅसची मागची वाट बंद करतं. ताकद पोलादाची, पितळ नुसतं बूच.

तोच राउंड चेंबरच्या बाहेर अर्धवट आलेला असताना पेटला, तर गोळी फार जोरात जात नाही, पण पुंगळी फुटते आणि पितळेचे तुकडे उडतात. कुठे, तर बोल्ट उघडून आत डोकावणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

टक्

‘टक्’ झालं आणि काहीच घडलं नाही, तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, राउंड मेलेला आहे. हा मिसफायर. दोन, प्राइमर नीट पेटला नाही, दारू धुमसतेय आणि गोळी उशिरा सुटणार आहे. हा हँगफायर. पहिला नेहमीचा, दुसरा दुर्मीळ. शिवाय आजच्या चांगल्या दारूगोळ्यात हँगफायर झालाच तर उशीर बहुधा सेकंदाच्या एखाद्या अंशाचा असतो. जुन्या, दमट राउंडचा भरवसा देता येत नाही. बंदूक हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, आणि म्हणून आपण दुसरा धरून चालायचं.

चाळीत दिवाळी काढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सुतळी बॉम्बची वात पेटते, सुरसुरते, मधेच विझल्यासारखी होते. सगळे कानांवरचे हात काढतात. आणि प्रत्येक मजल्यावर एक पोरगा असतो, जो “फुसका निघाला रे” म्हणत वाकून बघायला जातो. त्याला मागून शर्ट धरून ओढणारी आजीसुद्धा प्रत्येक मजल्यावर असायची. रेंज ऑफिसरचं काम बरंचसं त्या आजीचं आहे.

तर नियम साधा आहे. नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट चापाबाहेर काढायचं आणि निदान ३० सेकंद थांबायचं. काही रेंजवर याहून जास्त थांबायला सांगतात, तिथे तितकं थांबायचं. मग आधी मॅगझिन काढायचं, म्हणजे नवा राउंड आत जायची वाट बंद होते. त्यानंतर चेहरा बाजूला ठेवून बोल्ट किंवा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, उघडायची. हा क्रम उलटा केला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर मेलेला राउंड बाहेर पडतो आणि जिवंत आत जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, पिस्तूल रिकामं झालं.

माझा पहिला ‘टक्’ एनसीसीच्या कॅम्पमधला. प्रत्येकाला पाच राउंड, जमिनीवर पालथं पडून फायरिंग. माझा चौथा उडाला नाही. “उस्ताद, नहीं चला” म्हणत मी कोपरावर उठून वळायला लागलो, तोच पाठीवर एक पंजा बसला आणि मी पुन्हा जमिनीला टेकलो. हवालदारसाहेब कानाशी वाकून शांतपणे म्हणाले, “मुँह से बोल बेटा, बैरल से मत बोल.” तेव्हा अपमान वाटला होता. आता नव्या मुलांना मी हेच वाक्य ऐकवतो, मराठी करायच्या भानगडीत पडत नाही.

बाहेर काढलेला राउंड बरंच काही सांगतो, फक्त तो हातात धरून उजेडात नीट पाहायला हवा. पॉइंट टू-टूचं काडतूस ‘रिमफायर’ जातीचं असतं. त्याचा प्राइमर मधोमध वेगळ्या वाटीत नसतो, तळाच्या कडेला जी दुमड असते तिच्या पोकळीत तो पसरलेला असतो. कारखान्यात ओलं मिश्रण पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेला जाऊन बसतं. क्वचित एखाद्या जागी ते पोचत नाही, आणि पिन नेमकी तिथेच पडली की टक्. म्हणून मी आधी कडेवरचा ठसा बघतो. ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर दोष राउंडचा. ठसा पुसट, नखाने ओरखडल्यासारखा असेल तर पिनला जोर नाही: स्प्रिंग थकलीय, पिन झिजलीय किंवा आत काजळी साचलीय. ठसाच नसेल तर प्रश्न वेगळाच. एकतर पिन मोडली, नाहीतर बोल्ट पुरता बंद झाला नव्हता. काहीजण असा राउंड थोडा फिरवून पुन्हा भरतात आणि तो बऱ्याचदा उडतोही. मी करू देत नाही. एका राउंडची ती काय बचत, आणि ज्याने एकदा दगा दिलाय त्याला पुन्हा चेंबरमध्ये बसवायची हौस कशाला?

मुंबईत याला पावसाळ्याची जोड आहे. रिमफायरच्या गोळीभोवती मेणासारखं वंगण आणि पुंगळीच्या तोंडाची घट्ट पकड याशिवाय वेगळं सील बहुधा नसतं. दमट हवेत वर्षानुवर्षं ठेवलेले राउंड निर्धास्तपणे वापरावेत असे राहत नाहीत. माझी स्वतःची चूक सांगतो. एका पावसाळ्यात अर्धी पेटी रेंजच्या बॅगेतच राहिली आणि बॅग ओल्या छत्रीशेजारी. चार आठवड्यांनी त्यातले राउंड एकामागून एक टक् टक् करायला लागले. त्यानंतर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. दुसरी चूक लोक उलट्या बाजूने करतात. खाऱ्या हवेत गंज धरेल म्हणून तेल ओततात. गंज धरत नाही, पण चेंबरमधलं जादा तेल पुंगळीच्या सांध्यातून आत झिरपतं आणि प्राइमर मारतं. शिवाय तेलकट चेंबरमध्ये पितळेची पकड बसत नाही, त्यामुळे बोल्टवर मागे नेहमीपेक्षा जास्त धक्का येतो. तेल लावा आणि मग कोरड्या फडक्याने ते जवळजवळ सगळं पुसून काढा.

टक्पेक्षा फुस्स वाईट

आता ज्याला मी खरोखर घाबरतो तो प्रकार. चाप ओढला, आवाज झाला, पण नेहमीचा कडाड नाही. ‘फुस्स’. हाताला झटका जेमतेम बसला, टार्गेटवर भोक नाही. याला स्क्विब म्हणतात. पुंगळीत दारू कमी होती किंवा नव्हतीच. एकट्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि मधेच अडकून बसली.

कुर्ला आणि शीवच्या मधे एक लोकल बंद पडून रुळावर उभी आहे आणि मागून त्याच रुळावर फास्ट सोडली, असं समजा. नळीत गोळी अगदी घट्ट बसलेली असते, बाजूने गॅस निसटायला वाट नसते. मागून दुसरी गोळी पूर्ण जोराने आली की दाब नळीच्या भिंतीवर जातो. पॉइंट टू-टूमध्ये बहुतेकदा नळी त्या जागी फुगते. नंतर उजेडाकडे धरून आत बघितलं तर काळपट कडं दिसतं. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, शस्त्रात नळी फाटूही शकते.

यात घातक गोष्ट अशी की बंदूक बंद पडली आहे असं वाटतच नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र पुढच्या चापाला इमानेइतबारे फिरतं आणि नवा राउंड समोर आणून ठेवतं. पिस्तुलात कमी जोरामुळे स्लाइड पुरती मागे येत नाही. म्हणजे पिस्तूल एका अर्थी स्वतःहून थांबलेलं असतं. पण ज्याच्या अंगात जाम काढायची सवय मुरलीय तो स्लाइड खाडकन ओढतो, नवा राउंड भरतो आणि चाप ओढतो. शिकाऊ माणूस इथे वाचतो, सराईत अडकतो.

म्हणून आवाज ऐकायला शिका. कानात प्लग असले तरी झटका हाताला कळतोच. काहीही वेगळं वाटलं की थांबायचं, हँगफायरसारखंच ३० सेकंद. मग शस्त्र पूर्ण रिकामं करून, बोल्ट उघडा ठेवून, रेंज ऑफिसरसमोर नळीतून सळई घालून बघायचं. सळई आरपार गेली तर ठीक. अडली तर त्या दिवसापुरतं शस्त्र पेटीत. अडकलेली गोळी काढणं हे जाणकार दुरुस्तीवाल्याचं काम आहे. आणि “दुसरी मारली की पहिली निघेल” हा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, म्हणून मुद्दाम लिहितोय: नाही.

जाम, आणि डावीकडे वळणारी नळी

बाकी रोजचे जाम तुलनेने गरीब. रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये चिमटली आणि गिरणीच्या धुराड्यासारखी उभी राहिली, तो स्टोव्हपाइप. पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसली आणि मागून नवा राउंड तिच्यावर धडकला, तो डबल फीड. कारणं बहुतेकदा घरगुती: काजळी, मॅगझिनचे वाकलेले ओठ, कमजोर राउंड, किंवा मनगट ढिलं. शेवटचं कारण नव्या मुलांना पटत नाही. स्लाइड पुरती मागे यायची तर खालचा सांगाडा जागेवर स्थिर हवा. मनगट सैल सोडलं की सगळं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं, स्लाइडची धाव अपुरी पडते आणि पुंगळी अडकते.

जाम काढताना होणारी एक चूक मात्र मी दर महिन्याला पाहतो. उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हाताने स्लाइड ओढायची. स्प्रिंग कडक, जोर लागत नाही म्हणून माणूस पिस्तूल छातीजवळ आणतो. घरी हातात टीव्हीचा रिमोट घेऊन करून बघा. कोपर आत येताच हातातल्या वस्तूचं टोक आपोआप डावीकडे जातं. डावीकडे शेजारची लेन असते. त्याला वाटत असतं, आपण समोरच बघतोय. डोळे समोर असतात, नळी नसते. यावर उपाय इतकाच की पिस्तुलाऐवजी स्वतः वळायचं: डावा खांदा टार्गेटकडे येईल असं उजवीकडे अंग फिरवलं की छातीशी आडवं धरलेलं पिस्तूल टार्गेटकडेच बघत राहतं. जोर कमी पडला तर हात वर करून मदत मागायची. लाज कसली?

चापाचे बिघाड याच्या उलट. तिथे नको असताना गोळी सुटते. आत एक बारीक खाच ताणलेल्या हातोडीला धरून ठेवते, ती झिजली किंवा कुणी घरी स्क्रू फिरवून फारच हलकी केली की एका चापाला दोन गोळ्या सुटू शकतात, किंवा स्लाइड आपटताच गोळी जाते. पिन काजळीने पुढेच अडकून राहिली असेल तर बोल्ट बंद होताच राउंड पेटू शकतो. म्हणून तर स्पर्धेत चापाचं वजन तपासतात. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅम. नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. वजन उचललं जायला हवं, घोडा पडायला नको. किलोभर साखरेची पुडी एका बोटावर तोलायची, असं म्हणा. ऑलिम्पिकच्या रायफलीला अशी किमान मर्यादा नाही, म्हणून रायफलवाल्यांचा चाप कधी कधी नुसत्या विचाराने सुटतो की काय असं वाटतं. अशा बिघाडात थांबायला वेळच मिळत नाही. गोळी गेलेली असते. त्या क्षणी नळी कुठे होती, एवढंच उरतं. बऱ्याच स्पर्धेच्या पिस्तुलांना तर सेफ्टीचं बटणही नसतं, आणि असतं तेही झिजणारा एक लोखंडी तुकडाच.

“ती तर छर्र्याची आहे”

एअर रायफल घेऊन येणाऱ्या पालकांचं हे आवडतं वाक्य. १० मीटरच्या एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने जातो. डोळा फोडायला एवढं पुरे होतं. शिवाय यात दारू नाही, त्यामुळे टक् नाही, पुंगळी नाही, छर्रा भरलाय की नाही याची बाहेरून काही खूणच नाही. एकावर एक दोन छर्रे भरलेले मी पाहिलेत. म्हणूनच नळीतून आरपार रंगीत दोरी घालायचा नियम आहे. दोरी चेंबरमधून आणि नळीच्या तोंडातून बाहेर दिसली म्हणजे आत काही नाही. आमच्याकडे गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी मीटरवर आणून कापतात.

खरी सावधगिरी एअर रायफलीच्या हवेच्या सिलिंडरची. यात हवा साधारण २०० बार दाबाने भरतात. स्कूटरच्या चाकात २ बार असते, म्हणजे शंभरपट. सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, बहुधा १० वर्षं. ती संपली की तो दिसायला कितीही नवा असला तरी बाद. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचा नाही, भरताना घाई करायची नाही, झडपेला तेल लावायचं नाही, आणि हवेऐवजी ऑक्सिजन तर कधीच नाही: दाबाखाली ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतात. दिल्लीच्या रेंजवर सिलिंडर फुटून एका अनुभवी नेमबाजाचा डाव्या हाताचा अंगठा गेला. त्या खोलीत गोळीचा संबंधही नव्हता.

नियमाचं पुस्तक काय म्हणतं

आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत मला एक गंमत दिसते. राही सरनोबत जो प्रकार खेळते त्या २५ मीटर पिस्तुलात बिघाडाचे दोन वर्ग आहेत: मान्य आणि अमान्य. गोळी नळीत अडकली, पिन पडूनही राउंड उडाला नाही, पुंगळी बाहेर आली नाही, तर मान्य. नियमाप्रमाणे ती मालिका भरून काढायची संधी मिळते. पण बिघाड झाल्यावर अधिकाऱ्याने बघण्याआधी खेळाडूने बोल्टला, यंत्रणेला किंवा सेफ्टीला नुसता हात लावला, तर तोच बिघाड अमान्य ठरतो आणि न सुटलेल्या गोळ्यांचे गुण शून्य. पिस्तूल समोर रोखून धरायचं, मोकळा हात वर करायचा आणि उभं राहायचं. हवालदारसाहेब जे सांगत होते तेच, फक्त तिथे गुणपत्रिकेच्या भाषेत लिहिलंय.

अर्थात दर वेळी संधी मिळतेच असं नाही. टोकियो ऑलिम्पिकला, २०२१ मध्ये, मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडलं. ६० नेमांना ७५ मिनिटं, आणि दुरुस्ती होऊन ती परत उभी राहिली तेव्हा ४४ नेम बाकी आणि चाळीसहून कमी मिनिटं हातात. ५७५ गुण, बारावा नंबर, फायनल दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र तो टोकियोतला वेळ आठवतो. घड्याळ पळतंय आणि पिस्तूल उघडून तपासणं चाललंय, अशा वेळी हात शांत ठेवणं काय असतं ते रेंजवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चष्मा आणि कानातले प्लग यांवर फार लिहीत नाही. फुटलेल्या पुंगळीचं वर सांगितलंच, तेवढं चष्म्यासाठी पुरे. आवाजाचं म्हणाल तर पॉइंट टू-टूसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकते आणि कान गेले की परत येत नाहीत. शिशाचं मात्र लोक विसरतात. छर्रे, गोळ्या, प्राइमरची काजळी, सगळ्यांत शिसं असतं आणि ते हातावर राहतं. रेंजवरून निघून कोपऱ्यावरचा वडापाव खायच्या आधी साबणाने, गार पाण्याने हात धुवायचे. लहान मुलांच्या बाबतीत तर यात हयगय नकोच.

आणि तो मेलेला राउंड. तो खिशात टाकायचा नाही. रेंजवर फुसक्या राउंडसाठी वेगळा डबा असतो, त्यात टाकायचा. कचऱ्यात गेला तर जळत्या कचऱ्यात तो पुन्हा जिवंत होऊ शकतो. खिशात विसरला तर जीन्सबरोबर विमानतळापर्यंत जातो, आणि तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे “फुसका आहे हो साहेब” हे उत्तर चालत नाही. उडाला नाही म्हणून तो दारूगोळा नाही, असं कायदा मानत नाही.

त्या दहावीच्या मुलाचं सांगायचं राहिलं. ३० सेकंद झाली, मॅगझिन काढलं, स्लाइड उघडली, राउंड बाहेर आला. कडेवर एकच ठसा होता, पण चांगलाच खोल. त्याला उजेडात दाखवला. हे पिस्तूल दुसऱ्या चापाला पुन्हा ठोका देणारं होतं, म्हणजे “उडतच नाही” म्हणत त्याने जो दुसरा चाप ओढला तोही त्याच राउंडवर, त्याच जागी पडला होता. तो बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिला, मग पाचव्या लेनवरच्या काकूंना जाऊन सॉरी म्हणून आला. काकूंनी त्याला चिक्की दिली. हात धुऊन खा म्हणाल्या.

गणपती झाल्यावरच्या रविवारी पुन्हा चौथ्या लेनवरून टक् ऐकू आलं. मी वळून पाहिलं. पिस्तूल टार्गेटकडे, बोट बाहेर, डावा हात सरळ वर, मान जराही वळलेली नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो, घड्याळ लावलं. ३० सेकंद गेली. “मॅगझिन काढ,” म्हटलं. त्याने काढलं आणि माझ्याकडे न बघताच हसायला लागला.

मॅगझिन रिकामं होतं. पठ्ठ्याने राउंड भरलेच नव्हते.